पलटणीची गुंडी

प्रश्न : माझी सोलापुरात लाकडाची वखार आहे. जुने वाडे पाडले की त्यातलं सागवान आमच्याकडे येतं. लाकडात मोडून बसलेले खिळे करवतीच्या पात्याचा घात करतात, म्हणून मी हातात धरायचा मेटल डिटेक्टर घेतला आहे. उन्हाळ्यात होटगी रस्त्यावरच्या आमच्या रानात एक खड्डा बुजवायला चार टिपर माती टाकली. सदर बझारकडचा एक जुना बंगला पाडला, त्याच्या पायातली ही माती. मुलानं सहज त्या ढिगावर डिटेक्टर फिरवला. खिळे निघाले, एक बिजागरी, घोड्याच्या नालाचा तुकडा आणि हे बटण. पितळी आहे, रुंदीला बरोबर एक इंच. पुढं ढाल, एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला एकशिंगी घोडा, वर मुकुट. मागं कडी आहे आणि कडीभोवती गोल अक्षरं. त्यातली 'स्मिथ अँड रा' आणि 'बर्मिं' एवढीच लागतात. फोटो आणि कागदावर पेन्सिल घासून घेतलेला ठसा सोबत पाठवतो. १८१८ साली आपल्या किल्ल्यापाशी लढाई झाली, तिच्यातलं असेल का? चिंचेनं घासून लख्ख केलं तर चालेल का? आणि किल्ल्याच्या खंदकाकडं डिटेक्टर फिरवला तर अजून सापडेल काय?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी ती चिंच बाजूला ठेवा. बाकीचं सगळं निवांत बोलू.

मी बेचाळीस वर्षं गणवेश शिवले. शाळेचे, पोलिसांचे, गिरणीच्या रखवालदारांचे, लग्नाच्या बँडवाल्यांचे. माझे वडीलही हेच करायचे. आजोबा तर बटण हा शब्द वापरतच नसत, ते गुंडी म्हणत. दुकानात गुंड्यांचा एक पत्र्याचा डबा होता, तिथून मला या गोष्टीचं वेड लागलं. चाळीसेक वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकानं विहिरीच्या गाळात सापडलेलं एक बटण मला दाखवायला आणलं. हिरव्या कळंकाखाली कुठंकुठं पिवळं चमकत होतं. मी त्याच्या भल्यासाठी म्हणून रात्री चिंचेच्या कोळात घातलं, सकाळी राख लावून घासलं. पितळ लख्ख निघालं. पण जे पिवळं चमकत होतं तो सोन्याचा मुलामा होता, आणि तो कोळाबरोबर मोरीत गेला. मुलामा होता म्हणजे ते अधिकाऱ्याचं बटण होतं, शिपायाचं नव्हे. एवढी मोठी खूण मी माझ्या हातानं पुसली. त्या गिऱ्हाइकाला मी तसं सांगितलं आणि माफी मागितली. तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगतो : चिंच, लिंबू, पितांबरी, ब्रासो हे देवघरातल्या समईला लावा, मातीतून निघालेल्या बटणाला नको.

आता तुमचं बटण. लोक आधी पुढची बाजू बघतात, कारण सिंह तिथं असतो. मी पाठ आधी बघतो.

तुम्ही एक इंच मोजलंत ते फार बरं केलं. आमच्या धंद्यात बटणाचं माप 'लाइन'मध्ये असतं, चाळीस लाइनचा एक इंच. म्हणजे हे चाळीस नंबरचं बटण. हे अंगरख्याच्या छातीवर, मधल्या रांगेत लागतं. बाहीचं, खिशाचं, खांद्यावरच्या पट्टीचं याहून लहान असतं आणि टोपीचं सगळ्यांत लहान. नख बटणाच्या काठावरून फिरवून बघा. मागच्या बाजूला एक बारीक कंगोरा लागेल. पुढचा पत्रा ठशात दाबून उठवलेला आहे आणि त्याचा काठ मागच्या चकतीवर दुमडून घेतलेला आहे. म्हणजे बटण दोन तुकड्यांचं, आतून पोकळ. फार जुनी बटणं अशी नसतात. ती एकसंध, चपटी, ओतलेली असतात आणि हाताला जड लागतात.

मग अक्षरं. फोटोत मलाही तुमच्याइतकीच दिसली. पेन्सिलीच्या ठशात मात्र जास्त आहे. ठसा आडव्या उजेडात धरला आणि भिंग लावलं, तर 'राईट'च्या पुढं दोन बारीक अक्षरं उमटलेली दिसतात : एल आणि डी. मूळ बटणावरही हे करून बघा. खोलीत अंधार करायचा, बटण टेबलावर ठेवायचं आणि मोबाइलची बॅटरी वरून न मारता टेबलाला टेकवून बाजूनं मारायची. बटण हळूहळू गोल फिरवत गेलं की एकेक अक्षर सावलीनं वर येतं. पूर्ण नाव 'स्मिथ अँड राईट लिमिटेड, बर्मिंगहॅम'. आपलं सोलापूर जसं चादरीचं, तसं बर्मिंगहॅम बटणांचं. साऱ्या ब्रिटिश फौजेला तिथून बटणं जात. आणि ती 'एल डी' म्हणजे लिमिटेड. इंग्लंडात मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांचा कायदा झाला १८५५ साली. त्याआधीच्या बटणावर लिमिटेड हा शब्द येऊच शकत नाही. ही दोन अक्षरं मिळाली आणि १८१८चा विषय संपला.

तरी तुमचं मन त्या लढाईत अडकलंय, म्हणून अजून दोन गोष्टी सांगतो. इंग्रज सेनापती थॉमस मन्रोच्या फौजेनं मे १८१८ मध्ये आपला भुईकोट घेतला. ती फौज कर्नाटकातून वर चढून आलेली, मुख्यतः मद्रास इलाख्याची. त्या काळच्या साध्या गोऱ्या शिपायाच्या अंगावर पितळी बटण नसायचंच. कथलाच्या मिश्रधातूचं, करडं, चपटं बटण असायचं. पितळ शिपायाला मिळालं ते १८५५ मध्ये. मातीत ते कथलाचं बटण करडंच राहतं, त्याचा काठ भुगा होऊन झडतो, आणि त्याच्यावर हिरवा कळंक कधी येत नाही.

दुसरी गोष्ट ढालीची. १८१८ मध्ये इंग्लंडचा राजा जर्मनीतल्या हॅनोव्हरचाही राजा होता, त्यामुळं राजचिन्हाच्या ढालीच्या मधोमध आणखी एक छोटी ढाल असायची. १८३७ मध्ये व्हिक्टोरिया गादीवर आली. हॅनोव्हरच्या रिवाजाप्रमाणं बाईला ती गादी मिळत नव्हती, तेव्हा ते राज्य तिच्या काकाकडं गेलं आणि मधली छोटी ढाल राजचिन्हातून निघाली. तुमच्या बटणावर ढालीचे चार भाग सरळ दिसतात, मध्ये काही नाही. खालच्या डाव्या चौकोनात ती उभी वीणेसारखी आकृती आहे ना, ती आयर्लंडची हार्प. इतकी झिजूनही तिच्या दोन-तीन तारा शाबूत आहेत. मला त्या बघून फार बरं वाटलं.

आता हे बटण कुणाचं. सिंह, ढाल, एकशिंगी घोडा असं राजचिन्ह असलेल्या या बटणाला जनरल सर्व्हिस बटण म्हणतात. १८७१पर्यंत ब्रिटिश पायदळाच्या शिपायाच्या बटणावर त्याच्या पलटणीचा आकडा असे. आकडा वाचला की पलटण कळे, पलटण कळली की ती कधी कुठं होती हे काढता येई. १८७१ मध्ये बहुतेक पलटणींच्या शिपायांना हे एकच सामायिक बटण दिलं गेलं. अधिकाऱ्यांनी आपापल्या पलटणीची बटणं ठेवली. १८८१ मध्ये तर पलटणींचे आकडे जाऊन त्यांना परगण्यांची नावं मिळाली. म्हणून तुमच्या बटणावरून पलटण निघणार नाही. ती त्याच्यावर कोरलेलीच नाही. वाईट वाटून घेऊ नका, काळ मात्र चांगला निघतो.

तो निघतो मुकुटावरून. मुकुटाच्या कमानी बघा. राजाचा मुकुट असेल तर कमानी दोन्हीकडून वर चढत जाऊन घुमटासारख्या मिळतात. राणी व्हिक्टोरियाच्या मुकुटात त्या वर चढतात आणि मध्यावर, जिथं गोळा बसतो तिथं, किंचित खाली दबतात. तुमच्या बटणावर तो दाब स्पष्ट आहे. व्हिक्टोरिया वारली जानेवारी १९०१ मध्ये. म्हणजे बटण १८७१ ते १९०१ या तीस वर्षांत घडवलेलं.

सोलापूरकरांना गोऱ्या शिपायाचं बटण म्हटलं की आणखी एक साल आठवतं, आणि तुम्ही लिहिलं नाहीत तरी ते मनात आलं असणार. १२ मे १९३० रोजी शहरावर मार्शल लॉ लागला तेव्हा रस्त्यांवर लष्कर होतं. त्यानंतरच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. माझे आजोबा त्या दिवसांबद्दल बोलताना आवाज खाली आणत. तेव्हा गादीवर पंचम जॉर्ज होता, म्हणून त्या लष्कराच्या अंगावरच्या बटणांना घुमटाचा, राजाचा मुकुट असणार. तुमच्या बटणाला राणीचा आहे. त्या प्रसंगाशी ते जोडू नका. इतक्या जड आठवणीला नुसत्या अंदाजावर कुठलीही वस्तू चिकटवू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता जे माझ्या धंद्यातलं आहे ते सांगतो. कडीचा तुमचा जवळून घेतलेला फोटो मोठा करून पाहिला. कडी वरच्या अंगाला, आतून, निम्मी घासून पातळ झाली आहे. दोऱ्यानं शिवलेल्या बटणाची कडी अशी घासत नाही, दोरा आधी तुटतो. धातूवर धातू घासला तरच असा खड्डा पडतो. उष्ण मुलखात शिपायांचे कपडे सुती, वरचेवर धोब्याकडं जाणारे. पितळी बटणासकट कपडा दगडावर आपटला तर बटणही जाणार आणि कपडाही. म्हणून अशा अंगरख्याला दोन्ही बाजूंना भोकं पाडलेली असत, बटणाची कडी कापडातून आत काढायची आणि आतून किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी फटीची छोटी रिंग अडकवायची. धुवायला टाकताना बटणं काढून ठेवायची. माझ्या वडिलांनी असे अंगरखे शिवलेत, मीही बँडवाल्यांसाठी शिवलेत. रिंग ढिली झाली की बटण गळतं आणि घालणाऱ्याला कळतही नाही. तुमचं बटण असंच कुठंतरी गळालं असणार.

आणि पुढून सिंहाची आयाळ, तोंड, घोड्याचं शिंग जे सपाट झालंय, ते मातीनं केलेलं नाही. मातीनं खड्डे पडतात, पृष्ठभाग खरखरीत होतो. इथं तो गुळगुळीत आहे. ही रोजच्या पॉलिशची झीज आहे. शिपाई पितळेची एक पट्टी वापरत, तिला मधोमध लांब फट. पट्टी बटणाखाली सरकवायची म्हणजे पॉलिश कापडाला लागत नाही, आणि मग घासायचं. उंच भाग आधी झिजतात, खोलगट भागातली हार्प वाचते. असं तोंड सपाट व्हायला बरीच वर्षं रोज सकाळचा हात फिरावा लागतो.

मग ते बंगल्याच्या पायात कसं आलं? सदर बझार म्हणजे छावणीचा बाजार. मोदीखाना म्हणजे फौजेच्या शिधासामग्रीचं कोठार. सोलापुरात एकोणिसाव्या शतकात छावणी होती आणि ही नावं आपण आजही रोज पत्त्यात लिहितो. त्या भागातल्या मातीत पलटणीचं बटण मिळणं अगदी साहजिक आहे. मात्र बटण गळालं तेव्हा ते शिपायाच्याच अंगावर होतं असं धरून चालू नका. फौजेचे जुने कोट बाजारात विकले जायचे, ते रखवालदार घालत, बँडवाले घालत. असं बटण एका कोटावरून दुसऱ्यावर जात राही. नालाचा तुकडा त्याच ढिगात निघाला, तोही जपून ठेवा. आज त्याचा अर्थ लागत नसला तरी तो बटणाचा शेजारी आहे.

इथं एक चूक होण्यासारखी आहे. बटण होटगी रस्त्यावरच्या रानात 'सापडलं', पण ते त्या रानाचं नाही. दहा वर्षांनी तुमचा मुलगा कुणाला दाखवेल तेव्हा आमच्या शेतात निघालं असंच सांगेल, आणि तिथं कधी तळ पडला होता अशी गोष्ट तयार होईल. आजच जाड कागदाची पुडी करा. वर लिहा : माती कुठल्या बंगल्याच्या पायातली, कुठल्या महिन्यात आणली, किती खोल होती. टिपरवाल्याला विचारून घ्या, तो अजून विसरला नसेल. खोलीवरून जुनेपणा ठरवायच्या भानगडीत मात्र पडू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, वरची वस्तू आत जाते, पावसात फुगून पुन्हा मिटते. कालचं नाणं परवाच्या नालाखाली जाऊन बसतं.

साफसफाई एवढीच करा : माती पूर्ण वाळू द्या, मऊ ब्रशनं झटका, अक्षरांच्या खोबणीतली माती लाकडी दातकोरणीनं हलक्या हातानं काढा. सुई नको, टाचणी नको. हिरवा कळंक घट्ट आणि गुळगुळीत असेल तर राहू द्या, तो आतल्या पितळेला सांभाळतो. फिकट हिरवी, पीठासारखी भुकटी सुटत असेल तर मात्र मला लगेच लिहा, ती पसरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, घाम धरतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आणि त्याला माझं उत्तर 'नाही' असं आहे. किल्ल्याच्या खंदकाकडं डिटेक्टर घेऊन जाऊ नका. सोलापूरचा भुईकोट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालचा आहे. १९५८च्या कायद्यानं संरक्षित जागेत परवानगीशिवाय खणता येत नाही, एक खुरपंभरसुद्धा. कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा. तुमच्या ढिगातलं बटण आधीच आपल्या जागेवरून उठून आलेलं होतं, ते उचलून तुम्ही काही बिघडवलं नाही. खंदकातली वस्तू अजून जिथल्या तिथं आहे. कुठल्या थरात आहे, वर-खाली, शेजारी काय आहे, हे सगळं एकदाच वाचता येतं. जो खणतो तो ते पान फाडतो. खणणाऱ्याला वाचता येत नसेल तर पान वाया गेलं.

स्वतःच्या जमिनीतही एक लक्षात ठेवा. १८७८चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. नाण्यांचं मडकं लागलं तर हात थांबवायचा आणि कलेक्टर कचेरी गाठायची. १९७२च्या कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या, इतिहासाच्या दृष्टीनं मोलाच्या वस्तू पुरावशेष धरल्या आहेत. त्या खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. परदेशातून कुणी बटण विकत मागितलं तर याच कारणानं नाही म्हणा. तसंही अशी बटणं मोठ्या संख्येनं निघाली होती, त्याला बाजारात फार मोल नाही. मुलाला सांगा, डिटेक्टर पुन्हा वखारीत न्यायला हरकत नाही. वाड्यांच्या सागवानात अजून पुष्कळ खिळे आहेत, आणि हातानं ठोकलेला चौकोनी खिळा मिळाला तर तोही मला बघायचा आहे.

प्रश्न : घराच्या माळ्यावर चार पितळी बटणं सापडली. त्यांच्यावर 'जी आय पी आर' अशी अक्षरं गुंफलेली आहेत. ही कुठली रेजिमेंट?

— एक वाचक, कुर्डुवाडी

उत्तर : कुर्डुवाडीच्या माणसानं हे विचारावं! रेजिमेंट नव्हे, ही आपली रेल्वे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी नेली ती याच कंपनीनं, आणि १८६० मध्ये तिचा रूळ सोलापूरपर्यंत आला. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत गेली. गार्ड, स्टेशनमास्तर, तिकीट तपासनीस यांच्या कोटाला अशी बटणं असत. सैनिकी म्हणून माझ्याकडं येणारी पुष्कळशी बटणं शेवटी रेल्वेची, पोलिसांची किंवा संस्थानी नोकरांच्या कोटाची निघतात, आणि पाठीवर बर्मिंगहॅम किंवा लंडन असल्यानं घोटाळा वाढतो. सोपी खूण सांगतो. पुढं नुसती अक्षरं असतील तर आधी रेल्वे आठवा. तोफ असेल तर तोफखाना, नांगर असेल तर आरमार. बटण काळं आणि त्याच्यावर शिंग असेल तर रायफल पलटण, त्यांना चकाकणारं पितळ नको असे. मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह असतील तर ते आपल्या प्रजासत्ताकाचं, १९५० नंतरचं.

तुमच्या घरात रेल्वेत कोण होतं ते थोरल्यांना विचारा. तुमच्याच गावातून १८९७ मध्ये अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुटली. तिच्याही नोकरीतलं कुणी घरात असेल तर त्यांचं सामानही त्याच माळ्यावर असण्याचा संभव आहे.

प्रश्न : आमच्या आजेसासऱ्यांच्या ट्रंकेत तीन बटणं आहेत, त्यांच्यावर वळलेलं शिंग आहे. सोबत राजाचा चेहरा असलेलं एक गोल पदक. घरात 'ते बसऱ्याला गेले होते' एवढंच सांगतात. नाव सोडून काही माहिती नाही. सोनार म्हणतो पदक चांदीचं आहे. घरात ते मोडीत घालायचं चाललंय. मी थांबवून धरलंय. काय करू?

— एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : ताई, तुम्ही थांबवून धरलंत, फार मोठं काम केलंत. अजून थोडे दिवस धरून ठेवा.

ते शिंग म्हणजे बिगूल, लाइट इन्फंट्रीची, म्हणजे हलक्या पायदळाची खूण. आपल्याकडच्या घरात शिंगाचं बटण आणि तोंडी 'बसरा' हे दोन्ही एकत्र आलं, तर पहिल्या महायुद्धातल्या मराठा पलटणी आधी डोळ्यांसमोर येतात. बसरा म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. तिथं कूत या गावात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून उपासमार सोसत त्यांनी गाव धरलं आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. जे तुर्कांच्या हाती लागले त्यांतले कितीतरी कैदेतच मेले. १९२२ मध्ये मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो याच रेजिमेंटमधून.

पण तुमचे आजेसासरे कुठल्या पलटणीत होते हे बटण सांगणार नाही. पदक सांगेल. त्याचा चेहरा सोडा, कड बघा. रुपयाच्या नाण्याला जिथं दाते असतात ती कड. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर तिथं बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. नाव इंग्रजीत, आणि ते लिहिणाऱ्या साहेबानं कानाला लागेल तसं लिहिलेलं, त्यामुळं ओळखीचं वाटलं नाही तरी चार वेळा मोठ्यानं वाचा. सोनारानं बहुधा ही कड पाहिलीच नसणार, त्याला वजनाशी काम. आणखी एक सांगतो. हेच पदक काही मजूर-पलटणींना काशाचं दिलं होतं, तुमचं चांदीचं आहे. तेव्हा ते लढणाऱ्या तुकडीत असण्याची शक्यता जास्त.

मोडीत दिलं तर चांदी वितळेल आणि कडेवरचं नावही वितळेल. तुमच्या घरात त्या माणसाचा नंबर आणि पलटण दुसऱ्या कुठल्या कागदावर नाही, हे घरातल्यांना शांतपणे सांगा. मला वाटतं ऐकतील.

पदक पुसू नका. दिवसाउजेडी खिडकीपाशी बसा, ते दोन बोटांत कडेनं धरा आणि थोडंथोडं फिरवत पूर्ण कडेचे फोटो घ्या, एकातलं शेवटचं अक्षर पुढच्या फोटोत पुन्हा येईल असे. बटणांच्या पाठीचाही एक घ्या. नंबर मिळाला की तो घेऊन बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला पत्र लिहिता येईल आणि सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारता येईल. पत्राचा मजकूर मी करून देतो. फोटो आधी माझ्याकडं पाठवा.